नेक्रोपोटेन्स: फालतू ठरलेल्या पत्त्याची गोष्ट

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बसमध्ये नेट गेलं म्हणून अर्धाच ऐकला असेल, तर उरलेला इथे वाचा.

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड खेळलायत ना? रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. बिग शो हातात आला की डोळे झाकून ‘वजन’ म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता घ्यायचा. कुठला पत्ता भारी, हे पत्त्यावरच छापलेलं. विचार करायचं कामच नाही.

ह्याच सवयीने मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हॉस्टेलवर तोंडावर आपटलो. एका सीनियरने कॉटवर ‘मॅजिक: द गॅदरिंग’चे पत्ते पसरले आणि म्हणाला, "तुला हवे ते आधी उचल, उरलेले माझे. हरलास तर आठवडाभर चहा तुझ्याकडून." मी सगळ्यात आधी क्रॉ वर्म उचलला. भलामोठा हिरवा किडा, सहाचा मार. आणि नेक्रोपोटेन्स नावाचा एक काळा पत्ता वाचून ‘हे काय बेक्कार आहे’ म्हणत बाजूला सारला.

सात दिवस चहा मीच पाजला. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की १९९५ मध्ये अमेरिकेतल्या भल्याभल्या खेळाडूंनीही ह्या पत्त्याला असंच नाक मुरडलं होतं.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. मॅजिक आलं ऑगस्ट १९९३ मध्ये. बनवणारा रिचर्ड गारफील्ड, गणितात पीएचडी. काढणारी कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट, सिएटलजवळची. प्रत्येकाकडे २० लाइफ, समोरच्याचं लाइफ शून्यावर आणायचं. दर पाळीला एक पत्ता ओढायचा. जमिनीच्या पत्त्यांतून ‘माना’ मिळतो, तो खर्चून बाकीचे पत्ते टाकायचे. आणि खरी गंमत अशी, की आपला डेक आपणच बांधायचा. म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच ठरवावं लागतं, कुठला पत्ता भारी आणि कुठला फालतू.

आता क्रॉ वर्म बघा. सहा माना लागतात. तो येईपर्यंत निम्मा डाव झालेला असतो, आणि आल्यावर समोरचा एखादा एक-दोन मानाचा पत्ता टाकून त्याचा निकाल लावतो. आकडा मोठा, उपयोग थोडा. ट्रम्प कार्डवाल्या डोक्याला हे पचत नाही. मला पचलं नव्हतं.

नेक्रोपोटेन्स आला १९९५ च्या ‘आइस एज’ संचात. तो काय म्हणतो? एक, तुमची नेहमीची पत्ता ओढायची पाळी बंद. दोन, एक लाइफ द्या आणि डेकमधला वरचा एक पत्ता घ्या, पण तो हातात येणार पाळी संपताना. हवी तितकी लाइफ देऊन हवे तितके पत्ते. तीन, हातातला पत्ता फेकलात तर तो खेळातूनच बाद. वाचताना तिन्ही ओळी नुकसानीच्या वाटतात. फुकट मिळणारी गोष्ट बंद करून तीच स्वतःचं रक्त देऊन विकत घ्यायची? कोण घेईल?

पण हिशोब करा. २० लाइफ असो की १, तुम्ही जिवंतच असता. मधली एकोणीस म्हणजे बँकेत पडून राहिलेले पैसे. समोरचा पाळीला एक पत्ता ओढतोय आणि तुम्ही पाच, तर त्याच्या प्रत्येक चालीला तुमच्याकडे उत्तर आहे. शिवाय नेक्रोपोटेन्सची किंमत तीन काळे माना, आणि ‘डार्क रिचुअल’ नावाचा पत्ता एका काळ्या मानाचे तीन करून देतो. म्हणजे पहिल्याच पाळीत नेक्रो मैदानात. त्यात ‘ड्रेन लाइफ’ आहेच, समोरच्याचं लाइफ काढून स्वतःचं भरणारा.

मग १९९५ चे लोक मूर्ख होते का? अजिबात नाही. तेव्हा ‘ब्लॅक व्हाइस’ नावाचा पत्ता जोरात होता. हातात चारापेक्षा जास्त पत्ते असले की तो दर पाळीला मार देतो. हात भरून ठेवणाऱ्या नेक्रोला हे विषच. १९९६ च्या सुरुवातीला व्हाइसवर मर्यादा आली, डेकमध्ये फक्त एक. नेक्रोपोटेन्सवरचं एक अक्षरही बदललं नाही, पण आजूबाजूचं जग बदललं. फेब्रुवारीत न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर झाली, तिथे पहिल्या आठांत नेक्रोचा डेक होता. पुढचा उन्हाळा तर खेळाडूंनी ‘ब्लॅक समर’ म्हणूनच लक्षात ठेवला.

त्याच वर्षी अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल डेक घेऊन आला. डेकची कल्पना जे श्नायडरची. त्यात कचऱ्यातून उचलल्यासारखे पत्ते. उदाहरणार्थ ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’, दोन मानाचा घाबरट सैनिक. समोर दोन किंवा जास्त ताकदीचा प्राणी आला की ह्याला अडवताच येत नाही. पण स्लायला अडवायचं होतंच कुठे? पहिल्या पाळीला एक माना, दुसरीला दोन, काहीही वाया न घालवता नुसता हल्ला. स्लाय अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि अशा डेकला आजही ‘स्लाय’च म्हणतात. मला हा माणूस नेक्रोवाल्यांपेक्षा जास्त आवडतो, खरं सांगायचं तर.

बरं, पत्ते बनवणाऱ्यांना तरी कळतं का? २००४ च्या ‘डार्कस्टील’मधला ‘स्कलक्लॅम्प’ घ्या. हे हत्यार ज्या प्राण्याला लावाल, तो मेला की तुम्हाला दोन पत्ते. बनवताना अगदी शेवटी त्यात बदल झाला: प्राण्याची ताकद एकने वाढेल, पण जीव एकने कमी होईल. वजाचं चिन्ह बघून वाटलं, पत्ता कमजोर झाला. नीट चाचणी झालीच नाही. प्रत्यक्षात एक जीवाचा फुटकळ प्राणी हत्यार लावताच मरायला लागला. एक माना, दोन पत्ते, पुन्हा पुन्हा. फेब्रुवारीत आलेल्या पत्त्यावर जूनमध्ये बंदी.

आमच्या धंद्यात ह्याला शुक्रवार संध्याकाळचं डिप्लॉयमेंट म्हणतात. मी स्वतः एकदा एका अटीतलं चिन्ह ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून टेस्ट न करता बदललं होतं. तो अख्खा शनिवार मी लॅपटॉपसमोर काढला, त्यामुळे स्कलक्लॅम्पवाल्यांना हसायची माझी हिंमत नाही.

सीनियर पास होऊन गेला तेव्हा तो नेक्रोपोटेन्स मला देऊन गेला. कोपरे झिजलेत, पण आहे अजून. गेल्या दिवाळीत दहा वर्षांच्या मावसभावासमोर मी तसेच पत्ते पसरले आणि म्हटलं, "हवे ते आधी उचल." त्याने नेक्रोपोटेन्स वाचला, तोंड वाकडं केलं आणि क्रॉ वर्मवर हात ठेवला. म्हणाला, "दादा, हा सहाचा आहे!"

मी म्हटलं, "घे की."