बाहत्तरला माणसं का मेली नाहीत?

आमची आजी "बाहत्तरचा दुष्काळ" कधी म्हणाली नाही. ती म्हणायची "मिलोच्या साली". मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही, पण रेशनवर मिळायची. पाथर्डी तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर तिनं पाट्या वाहिल्या. दुपारी सुकडी मिळायची. त्यातली निम्मी ती पदरात बांधून घरी पोरांना आणायची. आठवड्याचा पगार मात्र कधीच आठवड्याला झाला नाही, हे ती शेवटपर्यंत सांगायची.

परवा एका मित्राने विचारलं, जगात एवढं धान्य पिकतं तरी माणसं उपाशी का? राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात ७३ कोटींच्या आसपास माणसं उपाशी होती. मला वाटतं याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) पुरेसा आहे.

पाऊस इथं नेहमीच दगा देतो. पश्चिमेला अकोल्याचा डोंगर सोडला तर सगळा जिल्हा पर्जन्यछायेत. पण पाऊस न पडणं आणि माणूस भुकेनं मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे बरंच काही घडावं लागतं. १६३० चा दुष्काळ घ्या. तुकोबांची पहिली बायको त्यातच गेली. तेव्हा निजामशाही मोडायला आली होती, मलिक अंबर १६२६ लाच गेला होता आणि मोगलांच्या फौजा याच मुलखात फिरत होत्या. फौज जिथून जाते तिथली पेवं रिकामी होतात. पाऊस एक वर्ष गेला असेल, पण बियाणं आणि बैल लढाईनं नेले.

इंग्रजांच्या काळात लढाया थांबल्या. मग तरी भूक थांबायला हवी होती ना? उलट १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला आणि ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांच्या वर माणसं गेली.

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याने कर्ज काढलं, सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढवून ठेवलेला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली आणि ती आग पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आली. शाळेत आपण याला "दख्खनचे दंगे" म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं. पण तारखा जुळवून बघा. दंग्यानंतर वर्षभरातच पाऊस गेला. म्हणजे दुष्काळ आला तेव्हा शेतकऱ्याच्या घरात दाणा नव्हता, गाठीला पैसा नव्हता आणि सावकार उधार द्यायला तयार नव्हता.

धान्य देशात होतं. रेल्वेने ते हलतही होतं, पण ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे. त्या दोन वर्षांत हिंदुस्थानातून विलायतेला गहू जातच राहिला. १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटनचा दिल्ली दरबार थाटात झाला. त्याच महिन्यात त्याने पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरची मजुरी कापली: दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. सरकार फारसं हललं नाही. १८७८ ला सुरू झालेल्या दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर हीच दुष्काळी माणसं होती. आपण नगरहून गाडीत बसतो तेव्हा त्या भरावावरून जातो, एवढं लक्षात असू द्या.

पुढे दुष्काळ संहिता आली, आपल्यासह चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा कर्जनिवारण कायदा आला. तरीही १८९६ आणि १८९९ ला पुन्हा तेच झालं. १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं गेली. त्यावर अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की बंगालात धान्याचा एवढा तुटवडा नव्हताच, मजुराची ते विकत घेण्याची ऐपत संपली होती.

आता बाहत्तर. १९७२-७३ ला महाराष्ट्रात धान्य चांगल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपासच पिकलं. टंचाई कागदावर १८७७ पेक्षा कमी भयंकर नव्हती. जनावरं कवडीमोलाने गेली, लोक अर्धपोटी राहिले, पोरं वाळली. पण तेव्हासारखे माणसांचे ढीग पडले नाहीत. कारण १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी होती म्हणून बाजारात धान्य आलं. लाल निशाण आणि इतर डाव्या पक्षांनी मजुरांचे मोर्चे काढले, घेराव घातले. १८७७ चे मजूरही भांडले होते, पण त्यांना मत नव्हतं. वसंतराव नाईकांच्या सरकारला पुढची निवडणूक होती. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला आणि २००५ ला देशभर त्याच धर्तीवर कायदा आला.

पण गोष्ट एवढी गोड नाही. दुष्काळ हटवायचा म्हणून प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण बांधलं, १९२६ ला पूर्ण झालं. ज्वारी-बाजरी वाचवायला आणलेलं कालव्याचं पाणी बघता बघता उसाला गेलं. १९५० ला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला. उत्तरेचा शेतकरी त्यातून वर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो ऊस तोडायला कोण जातं? पाथर्डी, शेवगाव, जामखेड, आणि शेजारचं बीड. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक कोयता, दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं ते उन्हाळ्यात परत. एकाच जिल्ह्यात पाणी वर आणि हात खाली. १८७५ चं खतपत्र आणि आजची उचल यांत फरक किती, हे कोयत्यावर गेलेल्या माणसाला विचारा.

आणि भूक आता रस्त्यावर पडलेली दिसत नाही, ती अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसते. १९७० ला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पोरांच्या आजारांचं मूळ बहुतेक वेळा जेवणात आणि पाण्यात आहे. म्हणून त्यांनी गावच्याच बायकांना, त्यातल्या कित्येक शाळेची पायरी न चढलेल्या, आरोग्याचं काम शिकवलं. अकोल्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी बियाणं जपलं ते हायब्रीड खाऊन घरातलं पोर आजारी पडायला लागलं म्हणून. पद्मश्री नंतर मिळाली.

जुनी माणसं म्हणतात, बाहत्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं. आता रेशनचं धान्य आहे, पाणी नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ ला आपण जनावरं छावणीला बांधली ती चारा-पाण्यासाठीच. विहिरी तेव्हा वीस-पंचवीस हातांवर लागत होत्या, आता बोअर हजार फुटांवर जातो.

आजीने ज्याच्यासाठी पाट्या वाहिल्या तो तलाव अजून आहे. गाळाने निम्मा भरलाय. तुमच्या गावात बाहत्तरच्या कामातला कोणता तलाव, कोणता रस्ता आहे, आणि त्यावर तुमच्या घरचं कोण होतं? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि खाली लिहा.