समाजी हसाजी दिवेकर : कोकणी ज्यूंच्या घरातील मुलांची नावे

महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग रोज हजारो मुंबईकरांच्या पायाखालून जातो. हा मोझेस कोणी इंग्रज असावा, असाच बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, 1937 साली मुंबईचे महापौर झालेले मराठी गृहस्थ, बेने इस्रायल समाजाचे.

हा समाज कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मूळ धर्मग्रंथ विस्मरणात गेले, हिब्रू भाषाही गेली. उरले ते शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम, 'शेमा'चे काही शब्द, आठव्या दिवशी होणारी मुलाची सुंता आणि मुलांची नावे.

मात्र ही नावे मराठी जिभेवर चांगलीच घडली. सॅम्युएलचा समाजी झाला, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बनाजी, एलिजाचा एलोजी. संभाजी-तानाजींच्या पंक्तीत ती सहज बसली. पुढे बापाचे नाव आणि शेवटी गावाचे: दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. मुलींच्या बाबतीत हा आग्रह नव्हता. त्यांची नावे बहुधा शेजारणींसारखीच असत. वारसा मुलग्याच्या नावात जपायचा, हा विचार त्या काळाला शोभणाराच म्हणायचा.

समाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. परंपरा अशी की, धर्म विचारला असता त्यांनी 'बेने इस्रायल' असे सांगितले. हे नाव कुराणात येते, म्हणून जीव वाचला. सुटकेनंतर 1796 साली त्यांनी मांडवीत मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणू लागले, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हा याच समाजींचा.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीतून प्रसिद्ध केले. समाजाला आपली मूळ नावे पुन्हा छापील अक्षरांत भेटली, पण शाळा-कचेऱ्यांमुळे त्यांचे रूप इंग्रजी झाले. समाजीच्या वंशात आता सॅम्युएल जन्मू लागले. त्याच वेळी 'हाईम' म्हणजे जीवन, 'निस्सीम' म्हणजे चमत्कार, अशी आटोपशीर हिब्रू नावेही दिसू लागली. 1875 साली इस्रायली शाळा काढणारे आणि समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर, तसेच 1924 साली जन्मलेले कवी निस्सीम इझिकेल, ही त्याची उदाहरणे. निस्सीम यांचे वडील गिरगाव चौपाटीजवळच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. कवीच्या नावात मात्र गाव उरले नाही.

1948 नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे सॅम्युएलचा श्मुएल झाला. समाजी कोणीच राहिला नाही. दिवेकर, किहीमकर ही आडनावे तेथेही ऐकू येतात. महालक्ष्मीच्या पाटीवर मात्र एलिजाचे 'ई' झाले आहे आणि राजपूरकर गळून पडले आहे.