फवारणीतील विषबाधा : दाद परदेशी न्यायालयात

नांदेड व लातूर जिल्ह्यांत कापूस, सोयाबीनवरील फवारणी हे हंगामातील नेहमीचे काम. पाठीवर पंप घेऊन शेतात उतरणारा बहुधा शेतमजूर असतो वा अल्पभूधारक. पंपातील औषध मात्र परदेशी कंपनीचे असू शकते. त्या औषधाने जीव गेल्याचा आरोप असेल, तर जाब कोठे विचारायचा? पैनगंगेपलीकडील यवतमाळच्या प्रकरणामुळे या प्रश्नाला नवे वळण मिळाले.

यवतमाळ ते बासेल

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील ओईसीडी राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार करण्यात आली. त्याच सुमारास बचावलेला एक शेतकरी व दोन मृतांच्या पत्नी यांनी बासेल येथे भरपाईसाठी कायदेशीर कारवाई सुरू केली. कंपनीच्या ‘पोलो’ या कीटकनाशकाने विषबाधा झाली, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने जबाबदारी नाकारली. ‘पोलो’तील डायफेन्थियुरॉन या घटकाच्या निर्यातीवर स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली.

दोन मार्ग

संपर्क केंद्राचे काम मध्यस्थीचे. त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक नसतो. न्यायालयाचा निकाल बंधनकारक असतो, पण तेथे दोष, हानी व त्यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध करावा लागतो.

भोपाळचा धडा

परदेशी न्यायालय दावा ऐकून घेईलच, असे नाही. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर भारत सरकारने युनियन कार्बाइडविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. खटला भारतातच चालावा, असे सांगून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मे १९८६ मध्ये तो फेटाळला. अखेर १९८९ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. म्हणूनच आज मूळ कंपनी जेथे नोंदलेली आहे, त्याच देशात दावा लावण्याकडे वकिलांचा कल असतो. उपकंपनीच्या कामावर मूळ कंपनीचे प्रत्यक्ष नियंत्रण होते, हे दाखवणे हा दुसरा डाव. झांबियातील तांब्याच्या खाणीमुळे झालेल्या प्रदूषणाविरुद्ध ग्रामस्थांनी वेदांताविरुद्ध आणलेला दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला.

पुरावा व मुदत

खरी अडचण मात्र गावातच सुरू होते. औषधाची पावती शेतमालकाच्या नावावर, रिकामा डबा बांधावर फेकलेला, आणि दवाखान्याच्या कागदावर केवळ ‘विषबाधा’ एवढीच नोंद. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली असतील, तर नेमके कशाने झाले, हा वाद उभा राहतो. स्वित्झर्लंडच्या उत्पादन-दायित्व कायद्यानुसार हानी, दोष व उत्पादक कळल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. शोकात आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबाला ही मुदत अपुरी पडते.

म्हणून विषबाधा होताच औषधाचा डबा लेबलसह जपून ठेवावा, गट क्रमांकासह त्याचे छायाचित्र काढावे, पावतीची प्रत घ्यावी आणि औषधाचे नाव दवाखान्याच्या कागदांत नोंदवून घ्यावे. दावा लातुरात लढवायचा असो वा बासेलमध्ये, त्याचा पाया हीच कागदपत्रे असतात.