'गर्भधारणापूर्व' : कायद्यातला एक शब्द

लिंगनिवडीविरोधी कायद्याच्या नावात 'गर्भधारणापूर्व' हा शब्द आहे. तो आला कसा, ते थोडक्यात सांगतो.

१९७३ साली अमेरिकेतल्या रोनाल्ड एरिक्सन यांनी शुक्राणू अल्ब्युमिनच्या थरातून पोहायला लावले. वाय गुणसूत्रवाले आधी पार होतात, हा त्यांचा दावा. पुढे तो वादग्रस्त ठरला. नंतरच्या लेझर पद्धतीला मात्र पक्का आधार होता: एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए सुमारे २.८ टक्के जास्त असतो.

आपल्या मुंबईत ऐंशीच्या दशकात गर्भलिंगचाचणीविरोधी फोरम उभा राहिला. त्याच्या नावातच 'प्री-सिलेक्शन' होतं! त्याच्या रेट्यातून १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा झाला, देशातला पहिला. १९९४ चा केंद्रीय कायदा मात्र गर्भ राहिल्यानंतरच्या चाचण्यांपुरता होता. मग २००० साली सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ पासून गर्भधारणेआधीची निवडही बंद झाली.

दोन मुली असलेलं एक दांपत्य याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलं. इथे गर्भपात नाहीच, मग हरकत काय? २००७ साली न्यायालयाने याचिका फेटाळली. गर्भ पाडला नाही तरी मुलगी नाकारली जातेच, हे फोरमने नाव ठेवतानाच ओळखलं होतं.