मुष्टियोद्ध्यांच्या पंगतीत पहिला पाट कोणाचा?

आपल्याकडे चार माणसे एकत्र जमली की सर्वांत मोठा फलंदाज कोण, यावर वाद रंगतो. अमेरिकेत तसाच वाद हेवीवेट मुष्टियोद्ध्यांवरून शंभर वर्षे चालू आहे. जॅक जॉन्सन थोर की जो लुई? रॉकी मार्सियानो की मुहम्मद अली? आपल्या समाजाच्या मासिकात या मारामारीचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. परंतु या योद्ध्यांची प्रतवारी लावण्याचा परिपाठ ज्याने घालून दिला तो गृहस्थ यहुदी होता, आणि त्याच्या यादीत आपणांस विचार करावयास लावील असे बरेच काही आहे.

नॅट फ्लायशर यांचा जन्म १८८७ साली न्यूयॉर्क येथे झाला. १९२२ साली त्यांनी ‘द रिंग’ नावाचे मासिक काढले आणि पन्नास वर्षे, म्हणजे १९७२ साली मृत्यू येईपर्यंत, चालविले. कोणता योद्धा कोणत्या क्रमांकावर, हे लोक त्यांच्याच मासिकात पाहत. त्यांनी स्वतः लावलेली सर्वकालीन हेवीवेटांची यादी अशी: पहिला जॅक जॉन्सन, मग जेफ्रीज, फिट्झसिमन्स, डेम्प्सी, कॉर्बेट, जो लुई, सॅम लँगफर्ड, टनी, मॅक्स श्मेलिंग आणि दहावा मार्सियानो.

या यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही ते आधी पाहू. मॅक्स बेअर नाही. ८ जून १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बेअर आपल्या चड्डीवर दावीदाचा तारा शिवून उतरला आणि जर्मनीच्या श्मेलिंगला त्याने दहाव्या फेरीत हरविले. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. बेअरची आई यहुदी नव्हती, वडीलही अर्धेच यहुदी होते. पण त्या रात्री ते मोजायला कोणास सवड होती? पुढच्या वर्षी बेअर जगज्जेता झाला आणि वर्ष पुरे होण्याच्या एक दिवस आधी ते पद गमावून बसला. फ्लायशर यांनी ताऱ्याचा मोह धरला नाही. बेअरला त्यांनी वगळले आणि ज्या जर्मन योद्ध्यास हिटलरच्या सरकारने मिरविले, त्या श्मेलिंगला नववा पाट दिला.

आम्हांस हे प्रथम कळले तेव्हा राग आला होता. पुढे वाचत गेल्यावर तो ओसरला. श्मेलिंगने १९३६ साली अजिंक्य समजल्या जाणाऱ्या जो लुईला बाराव्या फेरीत लोळविले होते. ही करणी त्याची स्वतःची होती, सरकारची नव्हे. २२ जून १९३८ रोजी लुईने त्याला दोन मिनिटे चार सेकंदांत आडवे केले, तेव्हा अमेरिकेतील काळ्या लोकांबरोबर यहुदी वस्त्यांतही आनंद झाला. पण श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नव्हता, आणि आपला यहुदी व्यवस्थापक जो जेकब्स यालाही त्याने सोडले नव्हते. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, तेव्हा त्याने एका यहुदी मित्राच्या दोन मुलांना बर्लिनमधील आपल्या हॉटेलातील खोलीत लपविले. ही गोष्ट त्या मुलांपैकी एकाने १९८९ साली जाहीर केली. श्मेलिंग स्वतः तिच्याविषयी बोलला नव्हता. फ्लायशर तर तोवर वारले होते. त्यांनी माणसाची नव्हे, खेळाची प्रत लावली होती.

मात्र त्यांचा तराजू अगदी निर्दोष होता असेही नाही. यादीतले पहिले पाचही जण १९२६ पूर्वीचे जगज्जेते. “आमच्या वेळची गोष्टच निराळी” असे आपले आजी-आजोबा म्हणत, त्यातलाच हा प्रकार. अलीला तर त्यांनी दहांत जागाच दिली नाही. तरीही १९६७ साली अलीने व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जाण्याचे नाकारले आणि मुष्टियुद्धाच्या अधिकाऱ्यांनी त्याचे पद काढून घेतले, तेव्हा ‘द रिंग’ने मात्र त्यालाच जगज्जेता मानले. पद रिंगणात जिंकले, ते रिंगणातच जावे, हा न्याय. अलीने १९७४ साली किन्शासा येथे फोरमनला हरविले ते पाहण्यास फ्लायशर राहिले नाहीत. त्यांच्याच मासिकाने १९९८ साली अलीला पहिला आणि लुईला दुसरा क्रमांक दिला.

काहींना वाटले, यंत्र तरी निःपक्षपाती असेल. १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो यांच्या लुटुपुटीच्या लढतीचे चित्रण करून निकाल संगणकावर सोपविला. १९७० साली चित्रपटगृहांत अमेरिकन प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसला. युरोपात दाखविलेल्या चित्रपटात अली जिंकला! यंत्रालाही प्रेक्षक ओळखून बोलता येते.

वजनाचा घोळ निराळाच. आज हेवीवेट म्हणजे दोनशे पौंडांच्या वर. फिट्झसिमन्स, डेम्प्सी, मार्सियानो हे त्याहून हलके. आजच्या नियमाने ते या वर्गात बसलेच नसते. म्हणून शरीरापेक्षा कसोटी पाहावी: कोणाशी लढला, आणि कोणाला टाळले.

येथे सॅम लँगफर्डचे नाव घ्यावे लागते. फ्लायशरांच्या यादीत सातवा असलेल्या या काळ्या योद्ध्यास जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी एकदाही मिळाली नाही. गोरे विजेते काळ्या आव्हानवीरांना दारात उभे करीत नसत. १९०८ साली सिडनी येथे जॅक जॉन्सनने ती भिंत फोडली, १९१० साली रीनो येथे जेफ्रीजला हरविले, आणि त्या रात्री अमेरिकेत अनेक ठिकाणी काळ्यांवर हल्ले झाले. परंतु विजेता झाल्यावर जॉन्सननेही लँगफर्डला संधी दिली नाही. दार उघडून आत गेलेल्यानेच मागे कडी लावली. लँगफर्ड पुढे आंधळा झाला.

या ठिकाणी आम्ही थांबलो, कारण ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. इस्राएलमध्ये आपले यहुदीपण पुरते की अपुरते, हे दुसऱ्यांनी ठरवू पाहिले आणि १९६४ साली आपल्याला न्याय मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण कोकणात आणि मुंबईत आपणच ‘गोरे’ इस्राएल व ‘काळे’ इस्राएल असे पाट मांडले होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होऊ देत नव्हतो, हे सांगताना आपला आवाज खाली येतो.

आमचे आयुष्य रुग्णशुश्रूषेत गेले, म्हणून आणखी एक मोजमाप सुचवितो. सर्व याद्या दीर्घकाळ टिकण्याला गुण देतात. पण १९२८ सालीच न्यूजर्सीतील डॉ. मार्टलंड यांनी दाखविले होते की डोक्यावर वर्षानुवर्षे ठोसे खाणाऱ्यांचा मेंदू दुखावतो, चाल लटपटते, बोलणे अडखळते. अली १९८० साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, होम्सपुढे उभा राहिला आणि दहा फेऱ्या मार खाऊन थांबला. १९८४ साली त्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ज्योत धरलेला त्याचा थरथरता हात जगाने पाहिला. त्या कंपास केवळ ठोसेच कारण होते की काय, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण ठोसे औषध नव्हते, इतके तर कोणतीही परिचारिका सांगेल. मार्सियानो ४९ लढतींत एकदाही न हरता १९५६ साली, ३२ व्या वर्षी थांबला. त्याने ज्यांना हरविले ते लुई आणि वॉलकॉट तेव्हा पस्तिशी ओलांडलेले होते, हा आक्षेप खरा आहे. तरी वेळेवर थांबण्याचे गुण आम्ही त्याला देतो.

आमची पंगत अशी: पहिला अली, कारण लिस्टन, फ्रेझर, फोरमन यांपैकी एकालाही त्याने टाळले नाही. दुसरा जो लुई, ज्याने १९३७ ते १९४९ पद राखले आणि २५ वेळा ते पणाला लावले. तिसरा जॉन्सन. चौथा लँगफर्ड, ज्याचा पाट मांडलाच गेला नव्हता. पाचवा मार्सियानो. बेअरला आम्हीही जागा देऊ शकलो नाही, याचे थोडे वाईट वाटते. कोणा वाचकास ही क्रमवारी मान्य नसेल, तर त्यांनी संपादकांकडे जरूर लिहावे. मात्र आपण कोणत्या मापाने मोजले, तेही सांगावे.