स्कॅनर : जुना आवाज, नवे ग्रहण

अमेरिकेत पोलीस व अग्निशमन दलांचे बिनतारी संभाषण ऐकणाऱ्या हौशी श्रोत्यांमध्ये १९९०च्या दशकातील रिअॅलिस्टिक 'प्रो-२००६' या स्कॅनरचा आजही मान आहे. अॅनालॉग प्रक्षेपणावर या टेबली यंत्राचा आवाज भरदार लागतो. 'पी-२५' या डिजिटल पद्धतीवर मात्र त्यातून नुसती खरखर येते. पुढे डिजिटल स्कॅनर आले. पण अनेक मनोरे एकाच वारंवारितेवर तोच संदेश एकाच वेळी पाठवत असल्यास लहरी एकमेकींत मिसळून शब्द तुटत. आगीचा पत्ता नेमका अशा वेळी निसटे. २०१८ साली आलेल्या युनिडेनच्या 'एसडीएस-१००'ने सॉफ्टवेअर-आधारित ग्रहणाद्वारे ही अडचण बरीच दूर केली. डिजिटल आवाज अर्थात यांत्रिकच वाटतो. कूटबद्ध संभाषण या दोन्हींपैकी कोणत्याही स्कॅनरवर ऐकता येत नाही.