ठेक्यावरचा चहा

धुळे-जळगावात पुण्याच्या अमृततुल्य चहाच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या, तेव्हा शहरी कॅफे संस्कृती खानदेशात पोचली असा सोपा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो टिकत नाही. 1996 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालेल्या कॅफे कॉफी डेने बहुतेक दुकाने स्वतःच्या पैशाने थाटली. तिथे कॉफीइतकीच विकली जायची ती तासभर बसायची जागा. अमृततुल्यात उभ्याने चहा घ्यायचा नि वाटेला लागायचे. भांडवल गावातल्या माणसाचे, नाव आणि पद्धत पुण्याची. अशा व्यवहाराचा पूर्वज कॅफेत सापडत नाही, तो भुसावळच्या फलाटावर सापडतो.

1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे खानदेशातून गेली. नागपूर आणि जबलपूरचे फाटे फुटल्यावर भुसावळ मोठे जंक्शन झाले, 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे शाखाही सुरू झाली. रेल्वेच्या फलाटावरचे स्टॉल ठेक्याने चालत: जागा आणि दर रेल्वेचे, पैसा आणि मेहनत ठेकेदाराची. ‘हिंदू चहा’, ‘मुसलमान चहा’ अशी वाटणीही रेल्वेने सांभाळली. 1903 च्या चहा उपकराच्या कायद्याने मळेवाल्यांकडे प्रचाराचा पैसा आला. उत्तरेतल्या आणि बंगालच्या जंक्शनांवर त्यांच्या माणसांनी किटल्या, कप, चहाची पाकिटे पुरवली, चहा कसा करावा हेही शिकवले. विक्रेत्यांनी पाकिटे घेतली, धडा मात्र सोडून दिला. दूध-साखर सढळ हाताने घालून त्यांनी आपलाच चहा उकळला. म्हणजे नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा ही सोय, आणि तिच्यातली ओढाताण, दोन्ही जुन्या आहेत.

यावर आक्षेप निघेल की अमृततुल्य रेल्वेतून आले नाही, राजस्थानातून पुण्यात आलेल्या कुटुंबांनी ते रुजवले. खरे आहे. खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे, पितळी पातेले, फडक्यातून गाळलेला चहा, हे त्यांचेच. पण त्यांचा विस्तार नात्यावर झाला: गावाकडचा पुतण्या यायचा, वर्षानुवर्षे पातेल्याशी उभा राहायचा, मग वेगळे दुकान मांडायचा. ज्याचे पुण्यात कोणी नाही अशा धुळेकराला ही वाट बंद होती. 2018 मध्ये पुण्यातल्या येवले अमृततुल्यच्या कमाईचे आकडे देशभरच्या बातम्यांत झळकले आणि त्याच सुमारास चहाच्या फ्रँचायझींचे पेव फुटले. त्यांनी नात्याच्या जागी करार आणला. चहा तोच राहिला. बदलले ते दुकान कोण काढू शकतो याचे उत्तर.

साखळीमुळे चव एकसारखी होते, ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. पत्ती आणि मसाला ठरावीक असेल, दूध इथलेच घ्यावे लागते. जळगावच्या भर उन्हाळ्यातले दूध आणि पावसाळ्यातले दूध एका पातेल्यात सारखे वागत नाही. खरी अडचण उधारीची आहे. जुन्या ‘हॉटेला’त हमालाचे खाते असे, हिशेब पगाराच्या दिवशी व्हायचा. फ्रँचायझीवाल्याने आधीच नावाचे पैसे मोजलेले असतात, वर दुकानाचे भाडे, त्यामुळे त्याला रोख हवी असते. म्हणूनच पाटीच्या दुकानासमोर टपरी अजून चालते, आणि तिचे गिऱ्हाईक बहुधा वेगळे असते.